मदत हवी आहे : रेशनकार्ड काढायला किती दिवस लागतात?

उंबरठा
आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना रेशन मिळत नाही. दुकानदार म्हणतो कार्ड आणा. कुठे जायचं, किती दिवस लागतात? एजंट साडेतीन हजार मागतोय. त्यांची मुलगी महिनाभर शाळेत गेलेली नाही. 'ऑनलाइन बघा' सांगू नका, तीन रात्री तेच केलंय.

खारी_बिस्किट
कुठलं शहर? कार्ड मुळातच नाही की दुसरीकडचं आहे? रंग कुठला? नवरा काय करतो? आणि शाळेचा रेशनशी काय संबंध?

आडवाटेचा
आधी ताईंचं बँकेत खातं काढा आणि महिन्याला पाचशे रुपये आवर्ती ठेवीत टाका. आमच्या बाईंना मी हेच लावलं, आज मुलगा बी.कॉम. झाला.

खारी_बिस्किट
@आडवाटेचा, घरात तांदूळ नाही असं चाललंय, तुम्ही ठेवी काय काढताय?

उंबरठा
पुणे हो, अजून कुठे! कार्ड गावाकडे, बीड जिल्ह्यात, सासऱ्यांच्या नावावर. केशरी. नवरा गेल्या श्रावणात गेला. मुलगी सातवीत, धाकटा साडेतीन वर्षांचा. ताई चार घरची कामं करतात, त्याला सांभाळायला मुलगी घरी थांबते.

शिधा_आणि_सुधा
हे पहिल्याच प्रतिसादात सांगितलं असतंत तर! नवरा गेला ही 'अजून एक गोष्ट' नाही, निम्मा प्रश्न तिथेच आहे.

रेशनचं आधी. नवीन कार्डाच्या मागे आत्ता लागू नका. 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे बीडच्या कार्डावर पुण्यात धान्य उचलता येतं. कार्डावर 'प्राधान्य कुटुंब' (म्हणजे सरकारी धान्याला पात्र) शिक्का हवा, ताईंचं आणि मुलांचं नाव हवं आणि आधार जोडलेलं हवं. दुकानात कार्डाचा बारा अंकी नंबर सांगायचा, ई-पॉसवर (दुकानातल्या मशीनवर) अंगठा द्यायचा. माणशी ५ किलो, म्हणजे तिघांचे १५ किलो. जानेवारी २०२३ पासून फुकट. 'आमच्या दुकानचं कार्ड नाही' म्हणून परत पाठवणारा दुकानदार उगाच बोलतोय. परिमंडळ कार्यालयात (रेशन ऑफिसात) लेखी तक्रार द्या.

नाकासमोर
फुकट, फुकट! करदात्याच्या पैशातून माणसं आळशी होतात.

शिधा_आणि_सुधा
चार घरची भांडी घासणारी बाई आळशी? चहा घ्या काका.

गव्हाची_लोंबी
पण सासऱ्यांनी सगळं धान्य आधीच उचललं तर? कार्ड एक, कोटा एक. माझ्या नणंदेचं असंच झालं, महिन्याच्या दुसऱ्या तारखेलाच मशीन शून्य दाखवायचं. घरच्यांशी आधी बोला, नाहीतर भांडण ठरलेलं.

खारी_बिस्किट
मग वेगळं कार्डच बरं. गावी तहसीलला जाऊन नावं कमी करून दाखला आणायचा, मग पुण्यात अर्ज. पण शहरात प्राधान्यासाठी वार्षिक उत्पन्न ५९ हजारांच्या आत हवं, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाही! चार घरं करणारी बाई त्यात कशी बसायची? मिळालेलं सोडू नका, हे माझं मत.

आडवाटेचा
तोवर सुकन्या समृद्धी उघडा…

गव्हाची_लोंबी
अहो, ती दहा वर्षांच्या आतल्या मुलींसाठी. ही सातवीत आहे!

शिधा_आणि_सुधा
आता वडील नाहीत त्याचं. बालसंगोपन योजना : एक पालक गेलेल्या मुलाला महिना २२५० रुपये, दोघांनाही मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे, आदेश बालकल्याण समितीचा. मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड आणि घरासमोर आईबरोबर मुलांचा फोटो. फोटो विसरलात तर फाइल परत येते, अनुभव आहे. गृहभेट होते, वेळ लागतो. संजय गांधी निराधार योजनेत उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार, तिथे हेलपाटे नकोत.

धाकट्याला अंगणवाडीत घाला, गरम खिचडी तरी मिळेल.

गव्हाची_लोंबी
अंगणवाडी दुपारी सुटते, ताई संध्याकाळी येतात. पाळणाघर नाही ते. @उंबरठा, कामाच्या वेळा तुम्हा चार घरांना मिळून बदलता येणार नाहीत का? दोन घरं सकाळी लवकर झाली तर मुलगी शाळेत जाईल.

उंबरठा
हा विचारच केला नव्हता. मी तर अकराला बोलावते.

शाळेत विचारलं तर म्हणाले, नाव पटावर आहे पण आता आल्यास गावाचा टीसी लागेल.

खारी_बिस्किट
टीसी उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात (२००९) कलम ५ मध्ये लिहिलंय. आणि पटावर आहे म्हटल्यावर टीसी कसला? लेखी मागा, बघा पुढे काय होतं ते.

उंबरठा (आठ दिवसांनी)
दुकानात गेलो. नंबर लागला, अंगठा लागला नाही. भांड्यांच्या पावडरने रेषाच झिजल्यात. ओटीपी म्हणाले तर तो नंबर गेलेल्या नवऱ्याचा, सिम बंद. आता आधार केंद्राची तारीख मंगळवारची. सासऱ्यांना फोन केला, म्हणाले 'आमचं आम्हालाच पुरत नाही, पण बघू'. मुलगी मात्र कालपासून शाळेत. मी ताईंना साडेसातला बोलावते, शेजारच्या काकू आठला.

शिधा_आणि_सुधा
मंगळवारी बोटांसोबत नवा मोबाइल नंबरही जोडून घ्या, एकाच फेरीत होईल.

आडवाटेचा
माझ्या आईचं नाव पांढऱ्या कार्डावरून केशरीवर घेता येईल का?

खारी_बिस्किट
नवा धागा काढा हो.