साध्या लंबकावरून जी (गुरुत्व त्वरण) ची किंमत ९.५१ येते: चूक वेळेत की लांबीत?

प्रात्यक्षिक_वही
अकरावीचा साध्या लंबकाचा प्रयोग. स्टँडच्या क्लॅम्पमध्ये बुचाचे दोन अर्धे, मध्ये दोरा, खाली हुक असलेला पितळी गोळा. बुचाच्या खालच्या कडेपासून हुकाला बांधलेल्या गाठीपर्यंत लांबी मोजली. प्रत्येक लांबीला २० दोलनांचा वेळ तीनदा घेतला, सरासरी अशी:

६० सेंमी – ३१.७२ से.
७० सेंमी – ३४.१० से.
८० सेंमी – ३६.४५ से.
९० सेंमी – ३८.५५ से.
१०० सेंमी – ४०.६३ से.

टी म्हणजे एका दोलनाचा काल. जी = ३९.४८ (म्हणजे ४π²) × लांबी (मीटरमध्ये) ÷ टी² या सूत्राने अनुक्रमे ९.४२, ९.५१, ९.५१, ९.५६, ९.५७ येतात, सरासरी ९.५१. पुस्तकात ९.८१ आहे. स्टॉपवॉचचं बटण दाबायला उशीर होतो म्हणून सगळ्या वेळांतून ०.२ सेकंद वजा केले तर चालेल का?

वर्तुळ_त्रिज्या
नाही. उशीर सुरू करतानाही होतो आणि थांबवतानाही, त्यामुळे बराचसा आपोआप कटतो. उरतो तो थोडा मागेपुढे होणारा फरक, आणि तो कधी अधिक तर कधी उणा असतो. शिवाय हिशेब बघा: जी जवळपास ३ टक्के कमी यायचा तर ३६.४५ सेकंदांत अर्धा सेकंद जास्त मोजला गेला पाहिजे, तोही दर वेळी एकाच बाजूला. एवढा हात कोणाचा चुकत नाही.

मोजणीही चुकलेली नाही. गोळा सोडतानाच ‘एक’ म्हटलं तर खरी दोलनं १९ च होतात आणि जी १०.८ च्या आसपास येतो. (‘शून्य’ म्हणून सुरुवात करायची सवय मात्र लावून घ्या.)

तुमच्या आकड्यांमधला कल महत्त्वाचा आहे. लांबी वाढते तसा जी वाढतो. आपल्याकडचा जी ९.७९ धरला तर ६० सेंमीला ०.३७ ची तूट आहे आणि १०० सेंमीला ०.२२ ची, गुणोत्तर १.७. वेळेत ठरावीक चूक असती तर ही तूट वेळेच्या उलट प्रमाणात घटली असती, गुणोत्तर ४०.६ ÷ ३१.७ म्हणजे १.३ आलं असतं. लांबीत ठरावीक चूक असेल तर १०० ÷ ६०, म्हणजे १.७. गाठीखालचा हुक आणि गोळ्याची त्रिज्या तुम्ही लांबीत धरलेलीच नाही. लंबकाची लांबी टांगण्याच्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत असते.

आलेखप्रेमी
हेच आलेखातूनही दिसेल. आडव्या अक्षावर तुमची लांबी मीटरमध्ये, उभ्या अक्षावर टी². रेषा शून्यातून जाणार नाही. मी काढलेला चढ (दर मीटरला टी² किती वाढतो ते) ४.०३, उभ्या अक्षावरचा छेद ०.०९२. जी = ३९.४८ ÷ ४.०३ = ९.८०, चढाचे पुढचे दशांश न सोडता घेतला तर ९.७९. आणि ०.०९२ ÷ ४.०३ = ०.०२३ मीटर, म्हणजे सुमारे २.३ सेंमी लांबी राहून गेली आहे. सगळ्या लांब्यांत सारखीच चूक असली तर चढ बदलत नाही, म्हणून हा आलेख काढायचा.

पण हे २.३ लांबीत मिळवून पुन्हा जी काढू नका. तेच उत्तर फिरून येईल. हुक आणि गोळा वेगळे मोजा.

प्रात्यक्षिक_वही
व्हर्नियर कॅलिपरवर गोळ्याचा व्यास २.४४ सेंमी, शून्य त्रुटी (जबडे मिटलेले असतानाच दिसणारं वाचन) +०.०२, म्हणजे २.४२. त्रिज्या १.२१. गाठीपासून गोळ्याच्या माथ्यापर्यंत १.१. एकूण २.३१ सेंमी. नवे जी: ९.७८, ९.८२, ९.७८, ९.८१, ९.७९. सरासरी ९.८०. मग त्रुटी ०.१ टक्काच ना?

वर्तुळ_त्रिज्या
कल गेला, आकडे आता दोन्हीकडे विखुरलेत, हे छान. पण ९.८१ शी तुलना करून त्रुटी ०.१ टक्का म्हणणं बरोबर नाही. तुमची मोजणी किती पक्की आहे ते तुमच्याच साधनांवरून ठरवा. टांगण्याची कड आणि हुक धरून लांबीत ०.२ सेंमीची अनिश्चितता धरा: ८२ सेंमीवर ०.२४ टक्के. वेळेत ०.०५ सेकंद धरला तर ०.१४ टक्के, आणि टी चा वर्ग आहे म्हणून दुप्पट. बेरीज सुमारे ०.५ टक्के. वहीत ९.८० ± ०.०५ लिहा.

महाराष्ट्रात, मुंबई-पुण्यात, जी ९.७८ ते ९.७९ च्या दरम्यान असतो; ९.८१ हा पॅरिसकडचा आकडा. तुमच्या मोजणीत दोन्ही बसतात, म्हणजे तुमचा लंबक हा फरक पकडण्याइतका बारीक नाही. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्याँ रिशे यांना दक्षिण अमेरिकेत, विषुववृत्ताजवळच्या केयेनमध्ये असा फरक दिसला: पॅरिसला बरोबर चालणारा सेकंदाचा लंबक (एका बाजूचा झोका एका सेकंदात पुरा करणारा) तिथे सुमारे पावणेतीन मिलिमीटर आखूड करावा लागला.

आलेखप्रेमी
पुन्हा करणार असाल तर लांब्या ४० ते १२० सेंमी अशा पसरवा. पाचच वाचनं घेतली तरी चढातली अनिश्चितता निम्मी होते. २० ऐवजी ५० दोलनं मोजा. बटण टोकाला नाही, मध्यावर दाबा: टोकाला गोळा रेंगाळतो, मध्यावर तो सर्वांत वेगात असतो. मागे खडूची उभी रेघ ओढा.

एक मीटर लांबीला गोळा ८-९ सेंमीपेक्षा जास्त बाजूला नेऊ नका; तेवढ्यात ५ अंश होतात आणि जी वर ०.१ टक्क्याचाच परिणाम होतो. २० अंशांना तो दीड टक्का होतो. दोऱ्याची लांबी गोळा लटकत असतानाच मोजा, सुती दोरा ताणला जातो. आणि दोरा क्लॅम्पच्या दांड्याला गुंडाळू नका, टांगण्याचा बिंदू प्रत्येक झोक्याला सरकतो. बुचाच्या खालच्या कडा समोरासमोर एकाच पातळीत हव्यात.