मसलमधला उंदीर आणि दंडातली बेटकुळी

परवा भाचा व्यायामशाळेतून आला आणि आरशासमोर दंड फुगवून उभा राहिला. आई कौतुकानं म्हणाली, "बघू रे तुझी बेटकुळी!" त्याला शब्दच ठाऊक नव्हता. "आजी, मसल म्हणतात त्याला." बेटकुळी कळते. कातडीखालून टुणकन वर येणारं बेडकाचं पिल्लू. पण मसलमध्ये उंदीर आहे असं मागे एकदा ऐकलं होतं. ते खरं की कुणी थट्टा केली? गटातल्या कुणाला ठाऊक आहे का?

*

थट्टा नाही. लॅटिनमध्ये 'मूस' म्हणजे उंदीर आणि 'मुस्कुलुस' म्हणजे पिटुकला उंदीर. दंड आवळला की कातडीखाली जो गोळा सरकतो, त्यात आपल्याला बेडूक दिसला, रोमन माणसाला उंदीर. ग्रीकांनी तर 'पिटुकला' म्हणायचीही तसदी घेतली नाही. त्यांच्या 'म्यूस' या एकाच शब्दाचे उंदीर आणि स्नायू असे दोन्ही अर्थ होतात. डॉक्टरांच्या रिपोर्टात 'मायोकार्डियल', म्हणजे हृदयाच्या स्नायूचं, असं असतं ना, त्यातला 'मायो' हाच. म्हणजे हृदयातही उंदीर आहेच.

इंग्रजी माऊस, लॅटिन मूस आणि संस्कृत मूषक ही सगळी एकाच घरातली. गंमत म्हणजे संस्कृतातही छोट्या उंदराची उपमा शरीराला दिलेली आहे, फक्त जागा वेगळी. 'मुष्क' म्हणजे वृषण. त्यावरून फारसीत 'मुश्क' म्हणजे कस्तुरी झाली, कारण कस्तुरीमृगाची ती सुगंधी पिशवी तशीच दिसते, आणि तिथून फिरत फिरत इंग्रजीत 'मस्क' गेला, असं बहुतेक कोशकार मानतात. अत्तराच्या दुकानात हे सांगू नका.

*

म्हणजे इंग्रजी संस्कृतातूनच निघाली हे पुन्हा एकदा सिद्ध झालं!

*

नाही झालं. मूषक आणि माऊस ही भावंडं आहेत, आणि भावाला कुणी बाप म्हणत नाही. दोघांचा पूर्वज त्याहून जुना. मस्कची गोष्ट निराळी, तो शब्द खरोखरच इकडून तिकडे गेला. एक नातं रक्ताचं, दुसरं उसनवारीचं. या दोन गोष्टींची गल्लत केली की शब्दचर्चेचं भांडण होतं, हे इथे आधी दोनदा झालंय.

*

मी त्वचारोगांची डॉक्टर. प्राण्यांचा विषय निघालाच आहे तर नागिणीबद्दल लिहिते, कारण या एका शब्दावर मी रोज बोलते.

आपण जिला नागीण म्हणतो तिचं वैद्यकीय नाव हर्पिस झोस्टर. 'हर्पिस' हा शब्द ग्रीक 'हेर्पेइन'वरून आला, म्हणजे सरपटणं. लॅटिनमध्ये हाच धातू 'सेर्पेरे' होतो आणि त्यातून इंग्रजी सर्पंट येतो; आपल्याकडे सर्प. संस्कृतातल्या शब्दाच्या सुरुवातीचा 'स' ग्रीकमध्ये बरेचदा 'ह' होऊन भेटतो, जसं सप्त आणि हेप्टा. तेव्हा गावातली म्हातारी जिला नागीण म्हणते आणि मी प्रिस्क्रिप्शनवर जे लिहिते, त्या दोन्हींमागची कल्पना एकच, सरपटण्याची. आमच्यापैकी कुणी कुणाची नक्कल केलेली नाही. पाठीपासून बरगडीकडे सरकत जाणारी पुरळाची ती ओळ पाहिली की दुसरं सुचतच नाही.

'झोस्टर' म्हणजे कमरपट्टा. इंग्रजीतला रोजचा शब्द 'शिंगल्स', तोही लॅटिन 'सिंगुलुम'वरून, म्हणजे पुन्हा पट्टाच. छपरावरच्या शिंगल्सचा याच्याशी काही संबंध नाही.

आता खरी गोष्ट. रुग्ण गेरू फासून येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "डॉक्टर, तोंड शेपटीला मिळालं तर माणूस जातो ना?" मला वाटायचं ही आपल्याकडचीच समजूत. पण पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकानं अगदी हेच लिहून ठेवलंय, की झोस्टरनं कमरेला पूर्ण वेढा घातला की माणूस मरतो. तसं होत नाही. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं दबा धरून बसतो आणि जागा झाला की त्याच मज्जातंतूच्या वाटेनं कातडीवर येतो. हा मज्जातंतू पाठीच्या मध्यापासून निघून पुढे पोटाच्या मध्यापर्यंतच जातो. म्हणून पट्टा अर्धाच राहतो. पुरळ दिसल्यापासून 72 तासांच्या आत औषध सुरू झालेलं बरं. गेरूत ते दिवस जातात.

*

माकडहाड राहिलं की! इंग्रजीत कॉक्सिक्स. ग्रीक 'कोक्किक्स' म्हणजे कुक्कू पक्षी. ते हाड त्याच्या चोचीसारखं दिसतं म्हणून. इथे मात्र मी मराठीच्या बाजूनं. शेपटीच्या उरलेल्या तुकड्याला माकडाचं नाव द्यायला अक्कल लागते.

आणि कातडीवर मुंग्या चालल्यासारखं वाटतं त्याला वैद्यकात 'फॉर्मिकेशन' म्हणतात, लॅटिन 'फोर्मिका' म्हणजे मुंगीवरून. उच्चार जपून करा. मधल्या 'म'चा 'न' झाला तर भलताच अर्थ होतो.

*

सगळ्यांचे आभार. भाच्याला हे सगळं सांगितलं तर तो आजीसमोर दंड फुगवून म्हणाला, "उंदीर बघ!" आई म्हणाली, "माझ्या घरात उंदीर नको, बेटकुळीच ठेव." डॉक्टरीणबाई, जाता जाता गजकर्णाचं सांगा ना. इंग्रजीत रिंगवर्म म्हणतात, मग त्यात अळी असते का?

*

नसते. ती बुरशी आहे. गोल, कडेनं उठलेला चट्टा पाहून त्यांना वेटोळं घातलेली अळी आठवली, आपल्याला हत्तीचा कान. भाच्याला व्यायामशाळेत तसा चट्टा उठला तर दुकानातून परस्पर मलम आणू नका. त्यात बरेचदा स्टिरॉइड असतं, आणि त्यानं गजकर्ण आधी दबतं, मग दुप्पट पसरतं.