ओहायोत हरणाची शिकार, पहिली ठासणी, बजेट ४०० डॉलर. काय घेऊ?

खाडीपलीकडचा (गुहागर)

नमस्कार मंडळी. गणपतीला घरी आलोय, विसर्जन झालं, परत जायला अजून थोडे दिवस आहेत म्हणून निवांत बसून टाकतोय. मी ओहायोत कोलंबसला असतो, एच-वन-बी वर. ऑफिसातला एक मित्र दरवर्षी हरणाच्या शिकारीला जातो, त्याच्या मामाची मक्याची शेती आहे आणि या वेळी तो मागेच लागलाय की जानेवारीत चल, तेव्हा म्हणे चार दिवस फक्त ठासणीच्या बंदुकांचा सीझन असतो. मी हो म्हणून बसलोय आणि आता बंदूक घ्यायची तर डोकं चालेना, दुकानात भिंतभर लावून ठेवल्यात.

बजेट सगळं मिळून ४०० डॉलर. त्यात बंदूक, दारू, गोळ्या, साफसफाईचं सामान सगळं आलं, लायसन्स वेगळं धरतो. घरी बाबांची शेती संरक्षणाची ठासणी आहे, टोपीवाली, म्हणजे घोडा टोपीवर आपटून ठिणगी पडते ती. भात पोटरीला आलं की बाबा माळ्यावर राखणीला बसायचे आणि डुकरं हाकलायला बार काढायचे, त्यामुळे आधी दारू मग बोळा मग छर्रे आणि गजाने ठासायचं एवढं बघून माहितीय, हात लावायला मात्र कधी मिळाला नाही. तर तिकडे तसलीच जुन्या घाटाची घ्यावी की ती इनलाइन म्हणतात ती? ५० कॅलिबर की ४५? आणि व्हिसावर बंदूक चालते का, मित्र म्हणतो चालते पण तो काय वकील नाही. आणि हसू नका, बाबा म्हणतायत आपलीच घेऊन जा.


आंबेवाला (देवगड)

बाबांना सांग विमानात डोक्यावरच्या कप्प्यात बसत नाय ती 😂

बाकी ४०० डॉलर म्हणजे तीस-पस्तीस हजार झाले की रे, एवढे कशाला घालवतोस. सड्यावर ये आमच्या, भेकरं फिरतात, रात्री बॅटरी घेऊन जाऊ, तुझा सराव पण होईल आणि रस्सा पण.


कुडाळचो तात्या

आंबेवाल्या, मस्करीत पण असला लिहू नको, हय पोरा वाचतत.

भेकर, सांबर, पिसोरी, आपल्याकडची सगळी हरणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत, शिकार बंद म्हणजे बंद. साधा गुन्हा धरला तरी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि प्राणी पहिल्या अनुसूचीतला असला तर कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात. बंदूक जप्त होते, गाडी जप्त होते, परवाना जातो तो वेगळाच. आणि रात्रीच्या बॅटरीत डोळे चमकले म्हणून बार टाकला आणि पलीकडे आपलाच सोबती होता, ही बातमी कोकणात अधूनमधून येतेच.

आता गुहागरवाल्या, बाबांच्या ठासणीबद्दल. शस्त्र कायदा १९५९, कलम १३. त्यात खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यायचा असं स्पष्ट आहे, आणि ठासणीने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी साध्या नळीची बंदूक. म्हणून तर आपल्याकडे वाडीवाडीत ठासण्या दिसतात. पण तो परवाना बाबांच्या नावाचा आणि पिकाच्या राखणीचा आहे, शिकारीचा नाही. डुकराला मारायचं तरी आधी वनखात्याची लेखी परवानगी लागते, हे पण लोक विसरतात. तू ती बंदूक घेऊन गाव सोडून निघालास की विनापरवाना शस्त्र बाळगलं म्हणून पहिला तूच आत.

आणि विषय निघालाच आहे तर बाबांचं वय विचारून घे. सत्तरी झाली असेल किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्यांच्याकडे असेल तर ते हयात असतानाच वारसाच्या नावावर परवाना मागता येतो, २०१६ च्या नियमांत आहे. तू तिकडे, म्हणजे घरी जो शेती करतो त्याच्या नावावर करा. नंतर धावपळ करण्यापेक्षा आता केलेली बरी.


राजापूर ते पेनसिल्व्हेनिया

तात्यांनी इकडचं सांगितलं, मी तिकडचं सांगतो. मूळचा राजापूरचा, बरीच वर्षं पेनसिल्व्हेनियात आहे, दर सीझनला जातो. लांबेल जरा.

आधी व्हिसा, कारण तिथे चूक झाली तर हरण राहिलं बाजूला, नोकरी जाईल. केंद्राचा कायदा असा की एच-वन-बी सारख्या व्हिसावर असलेल्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ ठेवायची नाहीत, पण कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स खिशात असेल तर सूट आहे. दुसरं म्हणजे काळ्या दारूवर चालणारी आणि काडतूस न घेणारी ठासणी केंद्राच्या व्याख्येत बंदूक धरतच नाहीत, ॲन्टिकमध्ये जाते, आजच कारखान्यातून निघालेली असली तरी. म्हणून तर ती दुकानातून फारसे कागद न करता मिळते, कुरियरने घरी पण येते. पण राज्यांचं आपापलं वेगळं असतं, न्यू जर्सीत ठासणीला पण ओळखपत्र काढावं लागतं. आणि काही मॉडेलं अशी की त्याच बंदुकीवर काडतुसाची नळी बसते, ती मग सरळ बंदूकच धरतात. तेव्हा माझं सांगणं, सूट लागू होते की नाही हा वाद घालत बसू नको, आधी लायसन्स काढ आणि मग दुकानात जा. मित्राची बंदूक नुसती रेंजवर हातात घ्यायची असली तरी आधी लायसन्स. कंपनीचा इमिग्रेशनवाला वकील असेल तर त्याला एक मेल टाकून ठेव, लेखी उत्तर जवळ असलेलं बरं.

ओहायोत सहा महिने सलग राहिला असशील तर रहिवाशाच्या दरात मिळतं, बाहेरच्याला तेच कितीतरी महाग पडतं. पहिल्यांदा काढणाऱ्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, ऑनलाइन होतो. अप्रेंटिस लायसन्स म्हणून पण प्रकार आहे, कोर्स न करता, फक्त सोबत लायसन्सवाला मोठा माणूस पाहिजे. तरी तू कोर्सच कर, काही नाही तर काटेरी तार भरलेली बंदूक घेऊन ओलांडायची नसते हे तरी कळेल. लायसन्सच्या वर हरणाचं परमिट वेगळं आणि अंगात भगवं जाकीट सक्तीचं.

आता बंदूक. जुन्या घाटाची, बाबांच्यासारखी बाजूला घोडा असलेली, दिसायला झकास असते आणि मला स्वतःला तीच आवडते, पण पहिल्यासाठी नको. आमच्याकडे पेनसिल्व्हेनियात ख्रिसमसनंतरच्या सीझनला चकमकीचीच लागते, दुसरी चालतच नाही, त्यामुळे मला पर्याय नाही. तुला आहे. तू इनलाइन घे, ५० कॅलिबर, मधून दुमडून उघडणारी. टोपीच्या जागी त्यात २०९ चा प्रायमर बसतो, शॉटगनच्या काडतुसातला असतो तोच, त्याची ठिणगी सरळ दारूच्या पाठीत जाते आणि त्यामुळे दमट हवेत बार फुसका जाण्याचं प्रमाण एकदम कमी. ४५ वाईट नाही, पण कुठल्याही खेड्यातल्या दुकानात गेलास तरी ५० च्या गोळ्या मिळतील.

तुझ्या बजेटात दोन नावं. सीव्हीए वुल्फ आणि ट्रॅडिशन्स बकस्टॉकर. दोन्हींची नळी २४ इंची, दोन्हींचा मागचा ब्रीच प्लग, म्हणजे नळीचं मागचं बूच, निघतो. अडीचशे-तीनशे डॉलरच्या आसपास मिळतात, कमीजास्त होतं. वुल्फचा प्लग हातानेच फिरवून निघतो, पाना लागत नाही, आणि माझ्या दृष्टीने स्वस्त बंदुकीत बघायची सगळ्यात मोठी गोष्ट ती. कारण ही बंदूक घाण होते, प्रचंड घाण होते, आणि ज्याचा प्लग काढायला त्रास त्याची साफसफाई उद्यावर जाते. बाबांच्या ठासणीची नळी मागून बंद असते, गरम पाणी ओतून ओतून धुवावी लागते, बघितलं असशील. इथे दोन्हीकडून उघडी, आरपार बघता येतं.

दुर्बीण घेऊ नको, निदान या वर्षी. ओहायोत चालते, पण बंदुकीवर नेम धरायला ज्या चमकत्या साइट येतात त्यावर शंभर यार्डांपर्यंत काम होतं आणि नवख्याने त्याच्या पुढे मारूच नये. वाचलेले पैसे गोळ्या आणि दारूत घाल. नोव्हेंबरपर्यंत रेंजवर जा आणि बघ तुझ्या बंदुकीला कुठली गोळी मानवते. त्या नळीत अठ्ठावीस इंचाला एक फेरा असे आटे, म्हणजे आतल्या पीळदार खाचा असतात, म्हणून प्लास्टिकच्या सॅबोमधली, म्हणजे टोपणातली लांब गोळी तिला आवडते, गोल गोळी नाही. अडीचशे ग्रेनच्या आसपासची गोळी आणि ८० ते १०० ग्रेन दारू, हरणाला भरपूर झालं. डब्यावर १५० लिहिलेलं असतं, त्याच्या नादाला लागू नको, खांदा दुखतो आणि नेम बिघडतो, बाकी काही होत नाही.

दारूबद्दल नीट वाच. काळी दारू किंवा तिच्या जागी चालणारी, म्हणजे पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन, ब्लॅकहॉर्न २०९, एवढंच. बिनधुराची आधुनिक पावडर चिमूटभरसुद्धा नाही, नळी फुटते आणि तुझा चेहरा तिथून वीतभर असतो. नवख्याला औषधाच्या गोळीसारखे दारूचे पेलेट सोपे, ५० ग्रेनचे दोन टाकले की झालं. सुटी दारू घेतलीस तर ती मापाने मोजतात, वजनाने नाही, ब्लॅकहॉर्नचं तर मापाचं १०० म्हणजे वजनाला ७० च्या आसपास भरतं, तराजूवर १०० घेतलंस तर दारू कितीतरी जास्त जाते. ट्रिपल सेव्हन पण जोरकस आहे, थोडं कमी घ्यायचं.

आणि गजावर खूण कर. पहिल्यांदा बरोब्बर भरलीस की गज आत असताना नळीच्या तोंडाशी गजावर मार्करने रेघ मार. पुढे कधी पण शंका आली की भरलीय का, दोनदा भरलीय का, गोळी पूर्ण खाली बसलीय का, गज घालून रेघ बघायची. गोळी आणि दारूमध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू शकते. चाप ओढला आणि आवाज आला नाही तर बंदूक खाली करायची नाही, नळीचं तोंड समोरच ठेवून मिनिटभर थांबायचं, उशिरा पण उडते.


खाडीपलीकडचा (गुहागर)

दादा, तात्या, खूप खूप आभार. बाबांना वाचून दाखवलं, गजावर रेघेचं ऐकून म्हणाले मग त्यात नवीन काय, आम्ही चाकूने खाच करतो.

त्यांचं वय ७३ आहे, धाकटा भाऊ शेती बघतो, म्हणजे त्याच्या नावावर करायला घेतो.

दोन शंका. मित्र म्हणतो शंभर डॉलर वर घालून सीव्हीएचीच ऑप्टिमा घे. आणि सेकंड हँड कशी वाटते, तिकडे गहाणाच्या दुकानात स्वस्तात दिसतात.


राजापूर ते पेनसिल्व्हेनिया

ऑप्टिमा चांगली, स्टेनलेसची मिळते, गंज कमी. पण हरणाला फरक कळणार नाही. शंभर जास्तीचे असतील तर घे, नसतील तर अजिबात वाईट वाटून घेऊ नको.

सेकंड हँड मी तरी बघितल्याशिवाय घेणार नाही. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते, एक सीझन न धुता ठेवली की नळीत आतून खड्डे. दुकानात प्लग काढून दाखवा म्हणायचं, निघालाच नाही तर तिथेच नमस्कार करून बाहेर. निघाला तर पलीकडून मोबाईलचा टॉर्च मारून आत बघायचं. घाई नसेल तर सीझन संपल्यावर फेब्रुवारीत नवीच सवलतीत मिळते, पण तुला तर जानेवारीतच जायचंय.


कातळावरची (रत्नागिरी)

मध्येच विचारते, राग नको. तिकडे हरणं मारायला सरकार परवानगी देतं ते कसं काय? इथे आम्ही एक पिसोरी दिसली तरी आठवडाभर बोलतो.


राजापूर ते पेनसिल्व्हेनिया

राग कसला, बरोबर प्रश्न आहे. तिकडचं पांढऱ्या शेपटीचं हरण वेगळं आणि त्याची संख्या पण वेगळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओहायोतून ते जवळपास संपलं होतं, बेसुमार शिकारीनेच. मग बंदी, मग हळूहळू वाढवलं, आणि आता इतकं झालंय की मक्याची शेतं खातं, रस्त्यावर गाड्यांवर आदळतं, त्याला खाणारे लांडगे तिथे उरलेले नाहीत. कुठे किती मारायची ते राज्याचं खातं ठरवतं, मारलं की नोंद करावी लागते. आणि १९३७ पासून तिथे बंदुका-काडतुसांवरच्या केंद्राच्या कराचा पैसा राज्यांना वन्यजीवांसाठी मिळतो, लायसन्सची फी वेगळी. आपल्याकडे यातलं काहीच नाही, ना तेवढी हरणं ना तेवढे वनरक्षक, त्यामुळे तिकडे चालतं म्हणून इकडे चालू करा असं म्हणणाऱ्यांतला मी नाही.


आंबेवाला (देवगड)

बरं बाबा, भेकर माघारी घेतलं. पण तिकडचं हरणाचं मटण येताना घेऊन ये थोडं.


राजापूर ते पेनसिल्व्हेनिया

मांसाचं कस्टमवाल्यांना समजवायला तू येणार का विमानतळावर. मटण तिथेच खायचं, मालवणी मसाला इथून न्यायचा.

गुहागरवाल्या, एक राहिलं. परत येताना उरलेली दारू किंवा प्रायमर बॅगेत विसरू नको, चेक-इनमध्ये पण चालत नाहीत. आणि जानेवारीत दिवसभर थंडीत फिरलेली बंदूक रात्री गरम घरात आणू नको, आतून घाम सुटतो आणि दारू भिजते. प्रायमर काढायचा, म्हणजे बऱ्याच राज्यांत ती रिकामी धरतात, आणि कुलपात गारठ्यातच ठेवायची. ओहायोचा नियम तेवढा त्यांच्या पुस्तिकेत बघून घे. प्लगच्या आट्यांना ग्रीस लावायचं, दर वेळी.


खाडीपलीकडचा (गुहागर)

वुल्फ फायनल. आधी कोर्स, मग लायसन्स, मग दुकान. तात्या, वारसाच्या अर्जाला बाबांना स्वतः जावं लागेल का? गुडघ्यांनी बेजार आहेत.


कुडाळचो तात्या

एकदा तरी न्यावंच लागेल असं धरून चाल. तू हय असस तवर कागद तरी जमव. परवान्याची मुदत पण बघ, २०१९ पासून तीनची पाच वर्षं झालीत पण जुन्या पुस्तिकेवर जुनीच तारीख असते, आणि संपली असेल तर आधी ते निस्तरायला लागेल.