कुर्डीसाठी मे महिना
‘गोव्यात नेत्रावळीला जायचं तर पावसाळ्यातच, उन्हाळ्यात तिथे बघायला काही नसतं’ असं बरेच जण सांगतात, ते तिथल्या सावरीच्या धबधब्यापुरतं खरं. पण मे महिन्यात गेलात तर त्याच बाजूला कुर्डी दिसेल. साळावलीच्या धरणात बुडालेला हा गाव पाणी उतरलं की वर येतो. आम्ही गेलो तेव्हा भेगाळलेल्या चिखलात घरांचे जोते, चिऱ्यांच्या पायऱ्या आणि एक तुळशीवृंदावन होतं. शेजारी जुने गावकरी ‘हे आमचं आंगण’ म्हणून नातवंडांना दाखवत होते. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर इथल्याच. इथलं जुनं महादेवाचं देऊळ मात्र पुरातत्त्व खात्याने दगड न् दगड सोडवून धरणाजवळ नेऊन उभारलंय, तेही बघा.

आणि वाटेत रिवणच्या बाजूला तांबडे उघडे डोंगर दिसले तर दरड कोसळली असं समजू नका, त्या खाणी. २०१२च्या खाणबंदीआधी या रस्त्यावर मॅंगनीज-लोखंडाचे ट्रक रांगेने सावर्ड्याच्या धक्क्यावर जात, तिथून बार्जने (मालवाहू होडीने) माल जुवारी नदीतून मुरगांव बंदरात. तेव्हा धुळीमुळे स्कूटरवर पांढरा शर्ट घालून जायची सोय नव्हती.