दहावीला इतिहास-भूगोलाला फक्त पासिंगपुरताच वेळ द्यायचा का?

सायली_नाशिक
मुलगी यंदा दहावीत गेलीय, स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश. गणित, सायन्स आणि इंग्लिशला क्लास लावलाय. परवा पालकसभेत क्लासच्या सरांनी सरळ सांगून टाकलं की इतिहास-भूगोलाला वर्षभर हात लावू नका, जानेवारीत अपेक्षित प्रश्नसंच करून घ्या, पास झाली की बास, टक्के बेस्ट ऑफ फाइव्हवरच काढतात. हिशोब चुकीचा नाहीये त्यांचा, सहा विषयांतले चांगले पाच धरायचे, ५०० पैकी टक्के आणि अकरावीची ऍडमिशन त्याच्यावर. पण लेकीला हे विषय मनापासून आवडतात हो. जेवताना ती ब्राझील आणि भारताची तुलना सांगत बसते, तिकडे बहुतेक लोक किनाऱ्याजवळच का राहतात, ऍमेझॉनच्या खोऱ्यात वस्ती का नाही वगैरे. ह्यांचं म्हणणं आवड सुट्टीत जोपास, आत्ता मार्क बघ. मला करिअरचं नाही विचारायचं, तुम्हाला शाळेतल्या इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्राने पुढे आयुष्यात खरंच काही दिलं का? ज्यांनी नंतर सायन्स घेतलं त्यांनी पण सांगा प्लीज.

विदर्भवासी७
ताई स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दोन मुलं या चक्रातून गेलीत माझी. दहावीच्या वर्षात दिवसाचे तास तेवढेच असतात आणि चांगल्या कॉलेजची कटऑफ पॉइंटमध्ये हुकते. आवड असेल तर उत्तमच, तिचे याच विषयात ९५ येत असतील तर हिंदी सोडा ना बेस्ट ऑफ फाइव्हमधून. पण वेळ किती द्यायचा ते मार्क बघूनच ठरवा. आमच्यासारख्या नोकरदार माणसाला पोरांच्या बाबतीत रिस्क परवडत नाही.

खडू_फळा
सायलीताई, मी अनुदानित शाळेत इतिहास शिकवतो, लातूरकडचा आहे, म्हणजे मेडिकलच्या नीट परीक्षेच्या तयारीचं वातावरण काय असतं ते रोज बघतो. विदर्भवासी दादांची काळजी मला समजते, घरात कमावतं माणूस एक असेल तर मार्क बघावेच लागतात. पण प्रश्नसंचाने काय जातं ते सांगतो.

दहावीच्या इतिहासाची सुरुवातच इतिहासलेखनापासून आहे, म्हणजे इतिहास लिहितात कसा, साधनं कोणती, ती तपासायची कशी. प्रश्नसंचात त्याचं होतं "व्हॉल्टेअर यांना आधुनिक इतिहासलेखनाचे जनक म्हटले जाते, रिकाम्या जागा भरा". मी वर्गात काय करतो तर फळ्यावर दोन सालं लिहितो, १६२७ आणि १६३०. शिवाजी महाराजांचा जन्म कधीचा? बखरींमधून शके १५४९ म्हणजे १६२७ यायचं आणि बरीच वर्षं तेच धरून चालत होते. मग जेधे शकावली उजेडात आली, म्हणजे शकांप्रमाणे घटनांच्या नोंदींची यादी, महाराजांचे सहकारी कान्होजी जेध्यांच्या घराण्यातली, लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. आता पोरांना विचारायचं, कुणावर विश्वास ठेवायचा आणि का?

ताई, त्या तासाला वर्ग बघण्यासारखा असतो. एक जण म्हणतो बखरवाल्याने खोटं लिहिलं. दुसरी म्हणते खोटं कशाला लिहील, त्याने खूप वर्षांनी ऐकून लिहिलं असेल. मग कुणीतरी विचारतं की शकावली तरी बरोबर कशावरून, आणि मी याच प्रश्नाची वाट बघत असतो. तेव्हा सांगायचं की महाराजांच्याच काळातल्या परमानंद कवीच्या शिवभारत काव्यात तीच तिथी आहे, राजस्थानात जोधपूरकडे सापडलेल्या जन्मपत्रिकेशीही जुळते, एकमेकांशी संबंध नसलेली साधनं एकच गोष्ट सांगतात म्हणून वजन जास्त. महाराजांवरचं प्रेम तसूभरही कमी होत नाही याने, उलट ज्यांच्यावर प्रेम आहे त्यांच्याबद्दल नीट माहिती हवी ही ओढ लागते. हीच पोरं पुढे व्हॉट्सऍपवर काही आलं की मला पाठवून विचारतात, सर हे कुठून आलंय, कुणी लिहिलंय. मार्क विसरतील, विसरू देत. पण पंधराव्या वर्षी ही सवय लागली तर लागली, पंचविसाव्या वर्षी लावायला फार जड जातं, फॅमिली ग्रुपवर बघतोच आपण.

माणदेशी_सिव्हिल
मी सायन्सवाला, डिप्लोमा मग बीई, पाणीपुरवठ्याच्या कामात आहे म्हणून लिहितोय. आमचा सातारा जिल्हा बघा, महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. पर्जन्यछाया हा शब्द शाळेत एका मार्काला होता, आमच्या घरी तो टँकर बनून यायचा. भूगोलाच्या बाईंनी नकाशावर घाट दाखवून समजावलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की दुष्काळ हा आपल्या नशिबाचा भाग नाही, त्याला कारण आहे, आणि कारण असेल तर काहीतरी करताही येईल. मी या कामात आलो तो त्यामुळे.

दुसरं म्हणजे नागरिकशास्त्र. एका गावची योजना होती, दरडोई ५५ लिटरचा हिशोब, टाकीची जागा, पंपाचं हेड, पाइपचा डाया, कागदावर सगळं चोख. पण गावठाणापासून लांब एक वस्ती होती तिथल्या बायकांना कुणी विचारलंच नव्हतं, त्या सकाळी सहाला रानात जातात आणि पाणी सोडायची वेळ ठरली सातची. ग्रामसभेत ठराव व्हायचा होता, जमलेली टाळकी तीस-पस्तीस, सगळे गावठाणातले पुरुष. कॉलेजात जाणारी एक पोरगी उठली आणि म्हणाली कोरम नाही, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातलं जे कमी ते लागतं, सभा तहकूब करा आणि पुढच्या सभेची दवंडी वस्तीवर पण द्या. ग्रामसेवकांनी मान्य केलं. पुढच्या सभेला वस्तीतल्या बायका आल्या आणि वेळ बदलली, व्हॉल्व्हची एक जागा पण बदलली. माझ्या अख्ख्या डिझाइनमध्ये जी चूक कुणाला दिसली नाही ती तिने पकडून दिली. पंचायतराजची ७३ वी घटनादुरुस्ती पाठ करणारे खूप भेटतात, ती वापरायची असते हे त्या पोरीला माहीत होतं.

क्लासच्या सरांना हे सांगा असं नाही म्हणत, त्यांचा धंदा मार्कांचा आहे. पण आम्हा इंजिनिअर लोकांना माणसं वाचता येत नाहीत आणि शाळेतच ते सोडून दिलं की नंतर कुणी शिकवत नाही, हे मी रोज बघतो.

ऋतू_लॉ
मी दहावीला ९३ टक्के मिळवून आर्ट्स घेतलं, नातेवाईक दोन वर्षं "काय झालं गं?" असं आजारी माणसाला विचारल्यासारखं विचारत होते. अकरावी-बारावीला तर्कशास्त्र, राज्यशास्त्र, मानसशास्त्र. आता पाच वर्षांच्या लॉला आहे. काकू एकच सांगते, त्या सीईटीला कुठल्याही शाखेची मुलं बसू शकतात, सायन्सवाली पण भरपूर येतात आणि हुशार असतात. पण कोर्टाचा मोठा निकाल वाचायला हातात आला की खूप जण अडखळतात, कारण सलग वीस पानं वाचून त्यातला मुद्दा काढायचा सरावच नाही. मला तो सराव शाळेत झाला, आमच्या बाई धड्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहायला लावायच्या, गाइडमधलं उत्तर चालायचं नाही.

सायली_नाशिक
सगळ्यांचे खूप आभार, माणदेशी दादांचं ह्यांना वाचून दाखवलं. विदर्भवासी दादा, तुमचं पण पटतंय, गणित मी सोडू देणार नाहीये. खडू_फळा सर, आठवड्याला किती वेळ पुरेल आणि त्या वेळात करायचं काय? शाळेत तर धडा वाचून दाखवतात नुसता.

खडू_फळा
ताई, आठवड्याला तीन तास भरपूर झाले, रविवारी सकाळी दोन आणि अधूनमधून अर्धा-अर्धा तास. गाइड पहिल्या सहामाहीत आणूच नका. धडा वाचला की तिने स्वतः तीन प्रश्न काढायचे ज्यांची उत्तरं धड्यात नाहीत, आणि तुम्ही दोघांनी मिळून शोधायची. भूगोलात पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आहे, शाळेने नेलं नाही तर तुम्ही न्या, नाशिकला गंगापूर धरण आहे, बाजार समिती आहे. प्रश्नावली तिला घरी बसून बनवू द्या, शेतकरी कुठून आला, माल काय, भाडं किती, भाव कोण ठरवतो. सकाळी लवकर जा, लिलाव सुरू झाला की बोलायला कुणाला फुरसत नसते. १५ ऑगस्टच्या सुमारास जवळच्या गावात ग्रामसभा असेल तर तीही दाखवा. आणि वडिलांना सोबत घ्या.