राग मनात असताना 'तुझी इच्छा होवो' कसं म्हणायचं?

पेटीवाली:
चौदा वर्षं आमच्या मंडळीचं (चर्चचं) गायन मी बसवत होते. मागच्या महिन्यात पाळकसाहेबांनी ते काम एका बावीस वर्षांच्या मुलीकडे दिलं. मला कळलं ते इतरांबरोबरच, उपासनेनंतरच्या सूचनांत. वर, "तुम्हीच तिला तयार करा." घरी येऊन गुडघे टेकले, "प्रभू, तुझी इच्छा होवो" म्हटलं आणि शब्द तोंडातच कडू झाले. खरं सांगते, तिचा सूर चुकला की मला बरं वाटतं. असा राग पोटात ठेवून आज्ञा पाळली तर ते ढोंग नाही का? की राग जाईपर्यंत लांब राहावं? आणि ही इच्छा देवाची की नुसती पाळकसाहेबांची?

जुना_मास्तर:
ताई, राग जाईपर्यंत थांबाल तर थांबूनच राहाल. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने आधी काय मागितलं? हा प्याला माझ्यापासून दूर कर. मनातलं लपवलं नाही. "माझ्या इच्छेप्रमाणे नको" हे त्यानंतर, आणि बायबलमधल्या मत्तयाच्या वृत्तांतात तर तीनदा प्रार्थना आहे. तुम्ही पहिलं वाक्य गाळून थेट दुसऱ्यावर गेलात. कडू लागणारच.

मला मात्र तुमचं वाचून नामान आठवला (२ राजे, अध्याय ५). अरामाचा सेनापती, अंगावर कोड. बरं करून घ्यायला तो अलीशा संदेष्ट्याकडे गेला. अलीशा भेटायला दारातसुद्धा आला नाही, निरोप पाठवला: यार्देन नदीत सात वेळा स्नान कर. कोडापेक्षा हा अपमान त्याला जास्त झोंबला. आमच्या दिमिष्काच्या (दमास्कसच्या) नद्या काय वाईट आहेत, म्हणत संतापून परत निघाला. चाकरांनी समजावलं, एखादी अवघड गोष्ट सांगितली असती तर केली असती ना? मग उतरला पाण्यात. उतरताना राग गेला होता असं कुठेही लिहिलेलं नाही. सहाव्या बुडीपर्यंत काय झालं तेही नाही.

कोपऱ्यातला_बाक:
मास्तरांचं पटतं, पण पाळकांना एवढ्या सहज सोडू नका. चौदा वर्षं काम केलेल्या बाईला आधी बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. प्रत्येक माणसाचा निर्णय देवाच्या नावावर खपवायचा नसतो. जा, भेटा, बोला. फक्त लगेच उद्या नको. लोयोलाचे इग्नेशियस या ख्रिस्ती संतांचा सोळाव्या शतकातला एक नियम आहे: मन कोरडं, अस्वस्थ असताना, आधी शांतपणे जे ठरवलं ते बदलू नये. तुम्ही शांत असताना काय ठरवलं होतं, सेवा करायची की पेटी आपल्याकडे ठेवायची? (टोचलं असेल तर माफ करा.)

पेटीवाली:
टोचलंच. मास्तर, ते पहिलं वाक्य म्हटलं एकदाचं. बराच वेळ लागला, आणि शब्द काही प्रार्थनेला शोभणारे नव्हते.

शनिवारी सरावाला गेले. ती काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात) गात होती, वर गेली की गळा अडायचा. मला नेहमीसारखं बरं वाटलं. तरी उठले, म्हटलं, "काळी तीन धर, या सगळ्यांना तीच झेपते." तिला जमलं. फार आनंद वगैरे झाला नाही मला.

पाळकसाहेबांना पुढच्या आठवड्यात भेटणार आहे. मुद्दे कागदावर लिहून नेणार, नाहीतर माझा आवाज चढतो.