अनुभव धागा: बेळगाव, निपाणी, खानापूरची दुकानं आणि ऑनलाइन खरेदी

लग्नसराई तोंडावर आहे. गणपत गल्ली, खडेबाजार अजून भरतात, पण प्रत्येक गल्लीत पार्सलवाल्यांच्या गाड्याही फिरतात. दुकानदार आणि गिऱ्हाईक, दोघांनीही लिहा. मोघम नको. लोक दुकानात का येतात, का येईनासे झाले, ते सांगा.

शहापूर, साड्यांचं दुकान
चंदगडकडचं गिऱ्हाईक आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. बस्ता बांधायला अख्खं घर गाडी करून येतं. नवरीची आई, आत्या, मामी गादीवर बसून पदर उलगडून बघतात, मानपानाच्या साड्या वेगळ्या काढतात. कुणाचा रुसवा निघाला तर तिथल्या तिथे साडी बदलते. उरलेल्या साड्या घडी न मोडता परत आणा, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. हिशेबही सुगीनंतर पुरा होतो, कारण घर माहितीचं असतं.
रोजवापराची साडी मात्र हातातून गेली. ऑनलाइन ज्या भावात विकतात त्या भावात आम्हाला घाऊकमध्येही मिळत नाही. म्हणून ती कमी करून वडगाव, खासबागच्या मागावरची साडी वाढवली. विणकर जवळच राहतात, काठाचा रंग बदलून हवा असेल तर जाऊन सांगता येतं. फॉल-पिको करणाऱ्या अक्का शेजारीच आहेत, त्यांचंही पोट यावर आहे.

निपाणी, भांड्यांचं दुकान
मालविक्रीची उलाढाल ४० लाखांच्या आत असली की जीएसटी नोंदणी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा छोट्या दुकानदाराला ऑनलाइन मंचावर विकायचीही मोकळीक मिळाली, पण राज्यातल्या राज्यात. कोगनोळी नाका ओलांडला की कागल, म्हणजे परराज्य! कागलचा पाव्हणा दुकानात येऊन पातेलं घेऊन गेला तर अडचण नाही. तेच ऑनलाइन विकून पाठवायचं तर नोंदणी पाहिजे. सीमेवरच्या दुकानदाराचं निम्मं गिऱ्हाईक पलीकडचं. या नियमाचा त्रास आम्हाला होतो तेवढा बेंगळुरूच्या दुकानदाराला होत नाही.

जांबोटी भाग, गिऱ्हाईक
पार्सल गावात येत नाही, खानापुरातून घेऊन जा म्हणून फोन येतो. बसनं तिथवर जायचंच, तर वस्तू दुकानातच बघून घेतो.

बेळगाव, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी
मला मराठी पुस्तकं हवी तेव्हा इथं मिळत नाहीत, म्हणून मागवते. दुकानदार काकांनी मागणी लिहून घेऊन आठवड्यात आणून दिली तर दोन पैसे जास्त देईन.

खडेबाजार, मोबाइल दुकान
फोन ऑनलाइन घेतात, ग्लास बसवायला आमच्याकडे येतात. आता दुरुस्तीवरच दुकान चालतं.

अथणी, चप्पल कारागीर
कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात आहेत, आपला बेळगावही. तरी ऑनलाइन रेक्झिनची चप्पल त्याच नावानं खपते, याचं फार वाईट वाटतं. दुकानात आलेल्याला मी तळ उलटून दाखवतो: कातडी वादीची शिवण, खिळा नाही. लांबच्या गिऱ्हाइकाला सांगतो, नंबर नको. कागदावर उभं राहून पेन्सिलीनं दोन्ही पावलं आखा आणि तो कागद पोस्टानं पाठवा.